उसन्या जोडणीचा इतिहास : मोबाइल, केबल आणि घरातला संगणक

भारतात मोबाइल दूरध्वनी आणि सार्वजनिक इंटरनेट या दोन सेवा एकाच वर्षी, जेमतेम पंधरवड्याच्या अंतराने सुरू झाल्या. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीला पहिला मोबाइल कॉल केला, आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजेच व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने महानगरांतील ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. या दोन सेवांचा एकमेकींशी संबंध येईल, असे तेव्हा कोणी गृहीत धरलेले नव्हते; मोबाइल हे उद्योजकांनी आणि पुढाऱ्यांनी बोलण्यासाठी बाळगायचे महागडे साधन होते, तर इंटरनेट हे घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर, लँडलाइनच्या तारेवरून यायचे होते. पुढच्या पंधरा वर्षांत त्या दोन्ही हळूहळू एकत्र आल्या आणि त्यांना सांधणारी वस्तू म्हणजे हातभर लांबीची एक केबल होती. आज सहा-सात हजारांचा अँड्रॉइड फोन संगणकाला केबलने जोडून, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’चे बटण सरकवले की फोनमधला मोबाइल डेटा संगणकाला मिळू लागतो. एका उपकरणाची जोडणी दुसऱ्याला वापरू देण्याच्या या क्रियेला टेदरिंग म्हणतात आणि ती इतकी किरकोळ सोय मानली जाते की दूरसंचाराच्या इतिहासात तिला सहसा एखादी ओळही मिळत नाही. वास्तविक भारतीय मध्यमवर्गीय घरातल्या संगणकाला स्वतःची म्हणावी अशी जोडणी फार थोडा काळ लाभली. बहुतेक काळ तो बोलण्यासाठी घेतलेल्या फोनकडून इंटरनेट उसने घेत राहिला, आणि या उसनवारीच्या अटी काळानुसार कशा बदलत गेल्या, हे त्या केबलच्या इतिहासातूनच नीट दिसते.

उसनवारीची सुरुवात लँडलाइनपासून होते. दूरध्वनीची तांब्याची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली असल्यामुळे संगणकाचे अंकीय संकेत तिच्यावरून थेट पाठवता येत नसत. त्या संकेतांचे आवाजात आणि आवाजाचे पुन्हा संकेतांत रूपांतर करणारे जे उपकरण मध्ये बसवावे लागे, त्याला मोडेम म्हणत. व्हीएसएनएलचा ग्राहक मोडेममार्फत १७२२२२ हा क्रमांक फिरवी, पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की दोन्ही यंत्रे काही सेकंद किरकिर करत आपापसांत वेग ठरवून घेत आणि मग जोडणी लागे. सुरुवातीच्या काळात हा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट इतकाही असे, म्हणजे आजच्या हिशेबाने एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरवायला सुमारे पंधरा मिनिटे लागली असती. शिवाय संगणक इंटरनेटवर असेपर्यंत घरचा फोन व्यग्र राही, आणि बाहेरून फोन करणाऱ्या नातेवाइकांच्या तक्रारी रात्री ऐकून घ्याव्या लागत. बोलणे आणि इंटरनेट यांच्यातला हा झगडा लँडलाइनबरोबर संपला नाही. मोबाइलच्या युगात तो नव्या रूपात पुन्हा उद्भवला.

मोडेमने पुढच्या पिढ्यांना दिलेला वारसा मात्र वेगाचा नव्हता, भाषेचा होता. १९८१ मध्ये अमेरिकेतील हेज या कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला आणि त्याला हुकूम देण्यासाठी ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञांचा एक संच ठरवला. पुढे ‘डी’ हे अक्षर आणि क्रमांक जोडला की मोडेम तो क्रमांक लावत असे. इतर उत्पादकांनी हीच पद्धत उचलली आणि जीएसएम या मोबाइल तंत्राचे मानक ठरवताना मोबाइल हँडसेटनेही याच आज्ञा पाळाव्यात, अशी तरतूद झाली. परिणामी मोबाइल संगणकाला जोडला की संगणकाच्या दृष्टीने तो एक मोडेमच ठरे. पलीकडे तांब्याची तार आहे की हवेतल्या लहरी, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते. नवे तंत्र जुन्या तंत्राचे सोंग घेऊन घरात शिरते, याचे याहून चांगले उदाहरण दूरसंचारात क्वचितच सापडेल.

मोबाइलवरून डेटा नेण्याची व्यवस्था २००० नंतर बदलली. आधीच्या पद्धतीत बोलण्याच्या कॉलप्रमाणेच डेटासाठीही एक संपूर्ण वाहिनी अडवून ठेवावी लागे. जीपीआरएस या नव्या पद्धतीत माहितीचे छोटे-छोटे तुकडे पाडून, वाहिनी मोकळी असेल तेव्हा ते पाठवले जाऊ लागले, त्यामुळे वेळेऐवजी प्रत्यक्ष वापरलेल्या माहितीवर पैसे आकारणे शक्य झाले. संगणकाने जुन्या सवयीप्रमाणे क्रमांक लावायचा, म्हणून *९९# असा एक नावापुरता क्रमांक ठरवण्यात आला. तो लावल्यावर कोठेही घंटी वाजत नसे, फोन फक्त जीपीआरएसची जोडणी उघडत असे. डायल-अपची चौकट अशी जशीच्या तशी राहिली, डायल करण्याजोगे मात्र काहीच उरले नव्हते.

महाराष्ट्रातील सामान्य घरांत ही कल्पना प्रथम पोहोचली ती बहुधा रिलायन्स इन्फोकॉममुळे. २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानी यांच्या जयंतीला, या कंपनीने सीडीएमए नावाच्या जीएसएमहून वेगळ्या तंत्रावर आधारलेली सेवा जाहीर केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना आणली. बोलण्याच्या स्वस्त दरांची तेव्हा एवढी चर्चा झाली की तिच्याबरोबर आलेल्या ‘आर-कनेक्ट’ या सेवेकडे इतिहासकारांचे दुर्लक्ष झाले. फोनला डेटा केबल लावायची, दुसरे टोक संगणकाला जोडायचे, #७७७ हा क्रमांक लावायचा आणि वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड या दोन्ही ठिकाणी स्वतःचा मोबाइल क्रमांक भरायचा, इतकीच तिची कृती होती. सीडीएमएच्या त्या पिढीचा कमाल वेग सेकंदाला १४४ किलोबिट असल्याने लँडलाइनच्या ५६ किलोबिटच्या मोडेमपेक्षा ही जोडणी निदान कागदोपत्री अडीच पट वेगवान होती, आणि लँडलाइनसाठी अर्ज करून तिष्ठत बसण्याचीही गरज नव्हती. बीएसएनएलचे ‘डेटावन’ ब्रॉडबँड २००५ मध्ये आले आणि तेही आधी मोठ्या शहरांत. तोपर्यंत तालुक्याच्या गावी संगणकावर इंटरनेट हवे असणाऱ्याला हा पर्याय हाताशी होता.

त्या काळातील केबल ही स्वतःच एक अडचणीची वस्तू होती. प्रत्येक कंपनीच्या, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या प्रत्येक मालिकेच्या, फोनचे जोडणीचे तोंड वेगळे असे. नोकियाच्या केबलींची डीकेयू-५, डीकेयू-२, सीए-४२ अशी नावे ग्राहकाला पाठ करावी लागत आणि चुकीची केबल आणली तर ती फोनमध्ये बसूनही संगणकाला फोन दिसत नसे. कंपनीची अस्सल केबल महाग पडत असल्यामुळे मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारांत तिच्या नकला सर्रास मिळत. या नकलांच्या जाडसर टोकात एक चिप दडवलेली असे. फोनमधून येणारी जुन्या सिरियल पद्धतीची माहिती यूएसबीच्या पद्धतीत बदलणे हे तिचे काम, आणि प्रोलिफिक या तैवानी कंपनीची पीएल-२३०३ ही चिप त्यासाठी सर्वाधिक प्रचलित होती. बाजारातील केबलींत मग या चिपच्याही नकला आल्या आणि पुढे प्रोलिफिकने आपल्या विंडोज ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या आज्ञावलीच्या, नव्या आवृत्तीत बनावट चिप ओळखून नाकारण्याची व्यवस्था केली. कालपर्यंत बिनतक्रार चालणारी केबल ड्रायव्हर अद्ययावत करताच ‘कोड १०’ ही त्रुटी दाखवून बंद पडू लागली आणि जुना ड्रायव्हर शोधून पुन्हा बसवणे हे संगणक दुरुस्त करणाऱ्यांचे एक नेहमीचे काम होऊन बसले.

केबलींच्या या बजबजपुरीवर उतारा यूएसबीनेच दिला. संगणकाला जोडायच्या तऱ्हेतऱ्हेच्या उपकरणांसाठी एकच तोंड असावे, या विचारातून १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील चमूतील प्रमुख अभियंते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, म्हणजे गायकवाडांच्या नगरीत शिकलेले. मोबाइल उत्पादकांनी मात्र आपापली तोंडे सोडायला आणखी दहा-बारा वर्षे घेतली. २००७ मध्ये मायक्रो-यूएसबीचे मानक जाहीर झाले, २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने प्रमुख उत्पादकांनी सामाईक चार्जरचा करार केला आणि त्यानंतर फोनबरोबर येणारी चार्जिंगची केबल व डेटाची केबल या दोन वेगळ्या वस्तू उरल्या नाहीत. टेदरिंगचा प्रसार होण्यामागे कोणत्याही प्रगत आज्ञावलीपेक्षा या बदलाचा वाटा मोठा आहे; कारण आता आवश्यक केबल फोनच्या खोक्यातच मिळू लागली.

तोपर्यंत जीपीआरएसच्या ग्राहकाला आणखी एका कुंपणाशी झगडावे लागत होते. मोबाइल जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याच्या दाराला एपीएन, म्हणजे प्रवेशबिंदूचे नाव, अशी संज्ञा आहे आणि भारतीय कंपन्यांनी अशी दोन दारे ठेवली होती. एक दार फोनच्या छोट्या पडद्यापुरत्या साध्या पानांसाठी, ज्यांना वॅप पाने म्हणत. दुसरे संपूर्ण इंटरनेटसाठी. एअरटेलमध्ये पहिल्याचे नाव ‘एअरटेल लाइव्ह’ आणि दुसऱ्याचे ‘मोबाइल ऑफिस’ असे होते आणि दुसऱ्याचे भाडे अर्थातच चढे होते. संगणकाला जोडणी देण्याबद्दल वेगळे शुल्क कोणी उघडपणे लावले नाही, पण दोन दारांच्या दरांतील तफावत म्हणजे एका अर्थी तेच शुल्क होते. मासिक पॅक नसेल तर दहा किलोबाइटला दहा पैसे हा प्रचलित दर लागू होई. ऐकायला तो चिल्लर वाटे, पण त्या हिशेबाने एक मेगाबाइट दहा रुपयांना आणि एक गिगाबाइट दहा हजारांहून अधिक रुपयांना पडे. ‘नोकिया पीसी सूट’ ही आज्ञावली संगणकावर घेऊन, चुकीचा एपीएन राहिल्यामुळे एका संध्याकाळीत सगळा बॅलन्स गमावणे, हा त्या पिढीच्या अनेक तरुणांचा इंटरनेटशी झालेला पहिला व्यवहार होता.

या गुंतागुंतीला कंटाळलेल्या ग्राहकासाठी २००८ च्या सुमारास डोंगल आले. फोनमधून बोलण्याचा भाग, पडदा आणि कळफलक काढून टाकून केवळ मोडेम उरवला तर जे राहील ते म्हणजे डोंगल, आणि सीडीएमएच्या ईव्हीडीओ या सुधारित पद्धतीवर चालणारी टाटा फोटॉन प्लस व रिलायन्स नेटकनेक्ट यांची डोंगले सेकंदाला ३.१ मेगाबिटपर्यंतचा वेग सांगत. डोंगल संगणकात खोचले की आधी सीडी ड्राइव्ह असल्याचे भासवत असे, त्या लटक्या सीडीतून स्वतःचा ड्रायव्हर संगणकावर चढवत असे आणि मगच मोडेमच्या रूपात प्रकट होत असे. ही युक्ती विंडोजसाठी सोयीची असली, तरी लिनक्स वापरणाऱ्यांना त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागली. सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये ३जी सेवा सुरू केली, २०१० च्या लिलावात खाजगी कंपन्यांनी ३जी लहरींसाठी सुमारे ५०,९६८ कोटी रुपये मोजले आणि डोंगलांची दुसरी लाट आली. पण डोंगल एका कंपनीला बांधलेले असे, त्याचे रिचार्ज वेगळे करावे लागे आणि त्याचे बिल फोनच्या बिलाशिवाय निराळे येई. संगणकाला स्वतंत्र जोडणी देण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. घरखर्चाच्या वहीत मात्र त्या दुसऱ्या रिचार्जला फार काळ जागा मिळणार नव्हती.

२० मे २०१० रोजी गूगलने अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती जाहीर केली आणि तिच्यात यूएसबी टेदरिंग व वायफाय हॉटस्पॉट या दोन्ही सोयी मुळातच दिल्या. त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवर, म्हणजे एअरटेलने २००९ मध्ये भारतात विकायला आणलेल्या एचटीसी मॅजिकवर किंवा मायक्रोमॅक्सच्या २.१ आवृत्तीवरच्या ए-६० या पहिल्या स्वस्त अँड्रॉइडवर, पीडीएनेटसारखे त्रयस्थ अॅप टाकून हे साधावे लागे. नव्या सोयीचे महत्त्व केवळ सुलभतेत नव्हते. आतापर्यंत फोन हा मोडेम होता, म्हणजे इंटरनेटची जोडणी संगणक करत असे आणि फोन निमूटपणे हुकूम पाळत असे. अँड्रॉइडमध्ये जोडणी फोनची स्वतःची असते आणि संगणक तिच्यात भागीदार होतो. आरएनडीआयएस या मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या संकेतप्रणालीच्या आधारे फोन स्वतःला मोडेमऐवजी नेटवर्क कार्ड म्हणून सादर करतो, संगणकाला एक खाजगी पत्ता देतो आणि स्वतःकडे १९२.१६८.४२.१२९ हा पत्ता ठेवतो. २०१० च्या दशकातील बहुसंख्य अँड्रॉइड फोनमध्ये हा आकडा ठरलेला होता. बाहेरच्या जगाला केवळ फोनचा पत्ता दिसतो. वाड्याच्या पत्त्यावर आलेली पत्रे आतल्या बिऱ्हाडांना वाटून द्यावीत, तशी आलेली माहिती फोन आपल्यासाठी आहे की संगणकासाठी हे पाहून पुढे धाडतो. या क्रियेला पत्त्यांचे भाषांतर, संक्षेपाने नॅट, म्हणतात. क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड हे सगळे या बदलात एका झटक्यात कालबाह्य झाले. विंडोज व्हिस्टा आणि ७ यांत आवश्यक ड्रायव्हर आधीच होता; भारतात तेव्हा सर्वत्र चालणाऱ्या विंडोज एक्सपीसाठी मात्र गूगलने ‘टेदरएक्सपी’ नावाची एक छोटी फाइल उपलब्ध केली होती आणि ती पेन ड्राइव्हवर बाळगणे तंत्रज्ञांना श्रेयस्कर वाटे, कारण इंटरनेट सुरू करण्यासाठी लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवायची, हा पेच नेहमीचाच होता. अॅपलच्या संगणकांनी ही संकेतप्रणाली कधीच स्वीकारली नाही.

अमेरिकेत याच सोयीवरून वाद पेटला. तेथील कंपन्या टेदरिंगसाठी महिन्याला वेगळे पैसे घेत, अॅप बाजारातून टेदरिंगची अॅप काढायला लावत, आणि २०१२ मध्ये त्या देशाच्या दूरसंचार आयोगाशी झालेल्या तडजोडीत व्हेरायझन या कंपनीला साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. भारतात असा वाद झाला नाही, याचे श्रेय उदारतेला देणे कठीण आहे. तिकडे अमर्याद डेटाच्या पॅकवर संगणकाचा भार पडणे कंपन्यांना परवडत नव्हते. येथे ग्राहक मोजून-मापून, बहुतेक प्रीपेड, एक-दोन गिगाबाइट विकत घेत होता आणि तो डेटा संगणकावर लवकर संपला तर तो लवकर दुसरे रिचार्ज करणार होता. एका गिगाबाइटला साधारण अडीचशे रुपये पडत असताना टेदरिंग रोखण्यात कंपनीचेच नुकसान होते.

२०११ नंतर सॅमसंग गॅलेक्सी वाय, मग ९,९९९ रुपयांचा मायक्रोमॅक्स कॅनव्हास २, आणि २०१४ मध्ये ६,९९९ रुपयांचा मोटो ई व ५,९९९ रुपयांचा रेडमी १एस, अशी स्वस्त फोनची रांग लागली आणि टेदरिंग घरोघरी पोहोचले. हॉटस्पॉट बिनतारी असताना केबलची गरज का राहिली, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घरच्या संगणकात आहे. सुटे भाग आणून जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये वायफाय कार्ड सहसा नसे, आणि ते वेगळे विकत घेण्यापेक्षा हाताशी असलेली चार्जिंगची केबल लावणे सोपे होते. हॉटस्पॉट चालवताना स्वस्त फोनची बॅटरी दोन-तीन तासांत बसे, केबलवर ती थोडीफार चार्जही होत राही. अर्थात संगणकाचे यूएसबी २.० तोंड जेमतेम ५०० मिलीअँपिअर वीज देत असल्याने पडदा चालू ठेवला किंवा रेंज कमकुवत असली तर चार्ज होण्याऐवजी टक्के घसरत, आणि फोन तापे तो निराळाच. विंडोज नव्याने टाकल्यावर लॅन आणि वायफाय दोहोंचे ड्रायव्हर गायब असतात, अशा वेळी फोन केबलने जोडून बाकीचे ड्रायव्हर उतरवून घेणे ही दुरुस्तीच्या दुकानांतली पद्धत आजही टिकून आहे.

केबल लावूनही टेदरिंगचे बटण फिकट दिसते आणि दाबता येत नाही, ही तक्रार मात्र स्वस्त फोनच्या इतकीच स्वस्त केबलीमुळे सार्वत्रिक झाली. यूएसबी २.० ची पूर्ण केबल कापून पाहिली तर तिच्यात चार बारीक तारा दिसतात : लाल तार विजेची, काळी परतीची, आणि हिरवी व पांढरी या माहिती वाहून नेणाऱ्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या हलक्या केबलीत पैसे वाचवण्यासाठी हिरवी आणि पांढरी तार घालतच नाहीत, त्यामुळे फोन चार्ज होताना दिसतो पण संगणकाशी त्याची ओळखच होत नाही. बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या असतात. सेटिंग्जमध्ये तासन्‌तास शोध घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा प्रश्न केबल बदलताच सुटला असता, आणि दुकानदाराकडे मुद्दाम ‘डेटावाली केबल’ मागण्याची रीत त्यातूनच पडली. फोन जोडल्यावर ‘फक्त चार्जिंग’ हा पर्याय आपोआप निवडला जाणे, हे दुसरे कारण. काही उत्पादकांनी तो पर्याय बदलण्याची जागा अशा ठिकाणी ठेवली की बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवून डेव्हलपर पर्याय उघडल्याशिवाय ती सापडू नये.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि या उसनवारीचे अर्थकारण उलटेपालटे झाले. ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट होता, त्यातील २०१६ चे महिने दिवसाला चार गिगाबाइट आणि नंतरचे तीन महिने एक गिगाबाइट अशा मर्यादेत; त्यानंतर इतर कंपन्यांनाही दिवसाला एक-दीड गिगाबाइटचे पॅक आणावे लागले. आदल्या वर्षी महिनाभर पुरवून वापरायचा डेटा आता रोज रात्री बारा वाजता नव्याने मिळू लागला आणि उरलेला वाया जाऊ नये म्हणून तो संगणकाकडे वळवणे ही काटकसर ठरली. फार चर्चा न झालेला दुसरा बदल बोलण्याच्या बाबतीतला होता. २जी फोनवर कॉल आला की डेटा थबकत असे, आणि सुरुवातीच्या ४जीमध्येही कॉलसाठी फोन ३जी वा २जीवर उतरे. म्हणजे १९९५ चा तो जुना झगडा वीस वर्षांनीही चालूच होता. जिओचे जाळे मुळात डेटाचे असून बोलणेही डेटाच्याच रूपात नेण्याच्या व्होल्टी या पद्धतीवर ते उभे असल्यामुळे वडील फोनवर बोलत असताना केबलीच्या दुसऱ्या टोकाला मुलाचा अर्ज भरणे खंडित होत नसे. अर्थात वडील फोन घेऊन बाजारात गेले की संगणक पुन्हा निराधार होई.

कंपन्यांना संगणकाकडे वळवलेला डेटा ओळखता येत नाही असे नव्हे. इंटरनेटवरच्या प्रत्येक तुकड्यावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो, जेणेकरून वाट चुकलेला तुकडा अनंतकाळ फिरत राहू नये. अँड्रॉइड फोनचा स्वतःचा तुकडा ६४ या आकड्याने निघतो, विंडोजचा १२८ ने. म्हणून फोनमधून येणाऱ्या तुकड्यांवर १२७ हा आकडा दिसला की मागे एक संगणक आहे, हे जाळ्याला कळते. परदेशात याच खुणेवरून टेदरिंग अडवले गेले आणि तेथील वापरकर्त्यांनी संगणकाचा आकडा ६५ करून ती खूण पुसली. वस्तुतः ही लपाछपी तंत्राची नसून दरपत्रकाची आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील १०.७ टक्के घरांत संगणक होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हेच आकडे अनुक्रमे ४.४ आणि १४.९ असे होते. इंटरनेट असलेली घरे संगणक असलेल्या घरांच्या दुपटीहून अधिक होती, याचा सरळ अर्थ असा की इंटरनेट फोनबरोबर आले होते आणि संगणक, असलाच तर, त्याच्या मागून जोडला जात होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीने ही वस्तुस्थिती उघडी पाडली. पुण्या-मुंबईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी लॅपटॉप घेऊन कोकणात आणि साताऱ्या-सांगलीकडच्या गावी परतले, तेव्हा ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची २०११ मध्ये मंजूर झालेली योजना बहुतेक घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलेली नव्हती. कंपनीच्या जाळ्याशी सुरक्षित मार्गाने जोडून ठेवणारी व्हीपीएन ही व्यवस्था क्षणभर रेंज गेली तरी तुटते आणि जाड चिऱ्याच्या भिंतींच्या घरात रेंज एखाद्याच खिडकीत येते. अशा वेळी फोन त्या खिडकीत ठेवून लांब केबलीने लॅपटॉप आतल्या टेबलापर्यंत आणता येई. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरच्या पलीकडे भरवशाची राहत नाही, तरी पाच मीटर म्हणजे माजघरापर्यंतचे अंतर झाले. वीज गेल्यावर ब्रॉडबँडचा राउटर बंद पडतो, फोन आणि लॅपटॉप मात्र आपापल्या बॅटरीवर चालू राहतात, हा गुण भारनियमन पाहिलेल्या महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अलीकडच्या वर्षांत या व्यवस्थेचा पाया पुन्हा हलू लागला आहे. आरएनडीआयएस ही संकेतप्रणाली जोडलेल्या उपकरणावर फाजील विश्वास टाकते, म्हणून २०२२ मध्ये लिनक्सचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तिचे ड्रायव्हर निकामी करण्याचा प्रस्ताव मांडला. तिच्या जागी यायची ती एनसीएम ही खुल्या मानकावर आधारलेली, अधिक कार्यक्षम पद्धत. विंडोज ११ मध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासून असतो. सुरक्षेच्या दृष्टीने प्रस्ताव बिनतोड होता. त्यावर लगेच हरकत आली ती अशी की याच ड्रायव्हरवर जगभरातील अँड्रॉइड फोनचे यूएसबी टेदरिंग चालते आणि ते काढले तर असंख्य लोकांचे इंटरनेट त्या दिवशीच बंद पडेल. कालबाह्य ठरलेली ती संकेतप्रणाली त्यामुळे अजूनही कामावर आहे, आणि जोवर जुने डेस्कटॉप व त्यांना इंटरनेट पुरवणारे स्वस्त फोन वापरात आहेत तोवर तिला निवृत्त करणे कोणालाही सोपे जाणार नाही.